गव्हाचा विटाळ

मला गहू चालत नाही. एवढंच वाक्य आहे. सहा वर्षं मी ते बोलते आहे आणि आजवर एकाही माणसाने ते पहिल्या फटक्यात ऐकून घेतलेलं नाही. "चपाती नाही, पण पुरी चालत असेल?" "रव्याचा तर शिरा आहे, रवा म्हणजे काही गहू नव्हे." "आमचा घरचा गहू आहे हो, बिनखताचा." एका लग्नात नवरीच्या मामांनी माझ्या ताटात चिरोटा वाढत सांगितलं, की मैदा पचायला हलका. मी विचारलं, मैदा कशापासून होतो? ते म्हणाले, गिरणीत.

आजाराचं नाव सीलिएक. गव्हातलं एक प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यांवर तुटून पडतं. हे कळायला आठ वर्षं लागली. कुणी अल्सर म्हणालं, कुणी जंत. एका डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, देवदत्तला, बाजूला घेऊन "घरात काही ताण आहे का" असं विचारलं, जसं काही मी तिथे नव्हतेच. शाळेतल्या बायकांना वाटायचं मी डाएट करते. वजन एकोणचाळीस किलो झालं तेव्हा एकीने मला रहस्य विचारलं होतं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला. गहू बंद, जन्मभर. औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसतं बंद. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी रडले.

सोलापूरच्या माणसाला ही शिक्षा म्हणजे काही शिक्षा नव्हे. इथे ज्वारी आहे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, आणखी काय लागतं? अडचण वेगळीच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कणभरही नाही. ज्या तव्यावर चपाती झाली त्या तव्यावरची भाकरी नाही. परात वेगळी, पोळपाट वेगळा, पिठाचा डबा वेगळा. गिरणीतलं पीठ नाही, तिथे आधी गहू दळलेला असतो."

हे सगळं घरी येऊन सासूबाईंना कसं समजवायचं, या काळजीत मी पुण्याहून सोलापूरपर्यंत चार तास भाषण जुळवत आले. सासूबाईंचं, म्हणजे शकुंतलाबाईंचं, वय तेव्हा बासष्ट. दोन वाक्यं ऐकूनच त्यांनी मला थांबवलं. "समजलं. गव्हाचा विटाळ."

आणि खरोखर समजलं होतं त्यांना. त्यांच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. कुणी कशाला शिवायचं, कुठलं भांडं कुठल्या भांड्याजवळ ठेवायचं नाही, यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. तो सगळा अनुभव माझ्या आतड्यांच्या कामी आला. माझा तवा वरच्या फळीवर गेला, माझ्या पिठासाठी घरघंटी आली, चपातीच्या दिवशी आधी माझ्या भाकऱ्या व्हायच्या. महिन्याभरात तो शब्द घरात रुळला. माझी उर्वी चार वर्षांची होती, तीसुद्धा चपातीचा तुकडा हातात घेऊन माझ्यापासून लांब पळायची आणि ओरडायची, "आईला विटाळ होईल!" आम्ही हसायचो. माझं वजन वाढत होतं, मला हसायला काय जात होतं.

आता संघप्रियाविषयी. मी शाळेत गणित शिकवते, ती भूगोल. चार वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. मुख्याध्यापकांची नक्कल ती करते तशी कुणी करत नाही, आणि माझं डोकं तापलं की माझ्या हातातला खडू काढून घ्यायचा अधिकार फक्त तिला आहे. आम्ही ब्राह्मण, ती बौद्ध. हे वाक्य चार वर्षांत आमच्यात कधी उच्चारावं लागलं नाही, याचा मला फार अभिमान होता. आज वाटतं, एकदा उच्चारून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या डब्यात कायम चपाती असायची, त्यामुळे तिच्या डब्यातलं मी कधी काही घेतलं नाही. तिला कारण माहीत होतं. तिने कधी आग्रह केला नाही.

जानेवारीत तिने जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांतून ती, तिचा नवरा सिद्धांत आणि तिची आई मीनाबाई तिकडे राहायला गेले. रविवारी सकाळी बुद्धवंदना आणि मग जेवण, असं बोलावणं आलं. "डबा आणू नकोस," संघप्रिया म्हणाली. "आई तुझ्यासाठी भाकरी करणार आहे."

इथे मी विचारायला हवं होतं, की तवा कुठला? परात कुठली? हे प्रश्न मी लग्नात विचारते, मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याला विचारते, मला लाज वाटत नाही. पण कुणीतरी माझ्यासाठी मुद्दाम भाकरी करणार, याचाच मला इतका आनंद झाला की सहा वर्षांत पहिल्यांदा ते दोन प्रश्न मी गिळले. चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

सासूबाई बरोबर आल्या, त्यांना फ्लॅट बघायचा होता. घर छान होतं, गॅलरीतून आतपर्यंत वारा येत होता. पंगत बसली. चपात्या, वांग्याची भाजी, मसालेभात, शिरा. आणि मग मीनाबाई स्वतः आतून आल्या. सत्तरीची, काटक बाई, पांढरं लुगडं, हातात ताट आणि ताटात स्वच्छ फडक्याखाली चार भाकऱ्या. पातळ, वर तीळ लावलेल्या.

"तुमच्यासाटी केल्यात म्याडम," त्या म्हणाल्या. "गहू चालत न्हाय म्हनली ही. ही निस्ती जवारी हाय."

भाकरीच्या कडेला पिवळसर पीठ लागलेलं मला दिसलं. ज्वारीचं पीठ पांढरं असतं.

"मावशी, तवा चपात्यांचाच का?"

"व्हय की. एकच तवा हाय आमच्यात."

"आणि परात?"

"परात बी तीच." त्यांचा चेहरा जरासा बदलला. "धुतली व्हती."

मी शक्य तितक्या नीट सांगितलं. भाकरी फार सुरेख झाली आहे, पण गव्हाचा कण लागला तरी मला त्रास होतो, मी भात घेते. माझं वाक्य पूर्ण होण्याआधी सासूबाई मदतीला धावल्या. अगदी मनापासून धावल्या.

"वाईट वाटून घेऊ नका हो. तिला विटाळ अजिबात चालत नाही. आमच्या घरीसुद्धा तिचा तवा वेगळा, परात वेगळी. मी पण शिवत नाही."

पंगतीत पंचवीसएक माणसं होती. सगळ्यांचे हात थांबले. सिद्धांत हातात वाढायची पळी घेऊन उभा राहिला. मीनाबाईंनी फडकं भाकऱ्यांवर परत घातलं, चारी टोकं नीट दाबली आणि म्हणाल्या, "आमाला ठावं हाय ते. ल्हानपनापासनं ठावं हाय."

त्या आत गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. माझ्या ताटात भात आलाच नाही.

रिक्षात मी सासूबाईंवर ओरडले. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. "मी काय वाईट बोलले? मी तर तिथे तीन चपात्या खाल्ल्या. शिरा दोनदा मागून घेतला." हे खरं होतं. त्या पंगतीत बसून सगळं खाणारी बाई सोवळ्याचा शब्द बोलली, आणि न खाणारी मी त्या शब्दाची मालकीण ठरले. घरी देवदत्तला सांगितलं तर तो म्हणाला, "एक घास खाऊन टाकायचा होतास. विषय संपला असता."

"एक घास," मी म्हटलं, "म्हणजे तीन दिवस संडास आणि पंधरा दिवस अंगात ताप असल्यासारखी कणकण. तुझ्या पायात कुणी खिळा ठोकून मैत्री सिद्ध करायला सांगितली तर तू ठोकून घेशील का?"

मी बरोबर होते. पण बरोबर असून मला झोप लागत नव्हती, आणि असं माझं सहसा होत नाही.

सोमवारी संघप्रिया शाळेत आली. नेहमीसारखी बसली, वह्या काढल्या, तपासायला लागली. शेवटी मीच विषय काढला. "तुला तरी माहीत आहे ना माझं दुखणं?"

"मला माहीत आहे. तुझं बरोबर आहे हेही माहीत आहे." तिने लाल पेन खाली ठेवलं. "पण आईला मी काय सांगू? वेगळा तवा, वेगळी परात, शिवायचं नाही, हे शब्द तिला आजवर कुणी दुखण्याचे म्हणून सांगितलेच नाहीत. ती म्हणते, तुझी मैत्रीण चांगली असंल, पर निमित्त जुनंच हाय."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "मला वाटतं, की चार वर्षांत तू आमच्याकडचं काहीच खाल्लेलं नाहीस. कारण मला माहीत आहे, चेतना. पण काल रात्री मी मोजत बसले, आणि मोजत बसले याचीच मला लाज वाटली."

मग ती वर्गावर गेली. मला पहिल्यांदा भीती वाटली. ही मैत्री मला घालवायची नव्हती. आजार मी सांभाळला होता, डॉक्टर आणि नातेवाईक सांभाळले होते, पण जिने कधी आग्रह केला नाही अशी माझी एकच मैत्रीण होती.

मला काही सुचलं की मी लगेच करून टाकते, तसंच केलं. शनिवारी मंगळवार पेठेत जाऊन नवा कोरा तवा घेतला. घरघंटीवर ज्वारी दळली, पीठ डब्यात भरलं आणि संध्याकाळी एकटीच संघप्रियाकडे गेले. दार मीनाबाईंनी उघडलं. संघप्रिया आत होती, तिला मी हाताने थांब म्हटलं.

"मावशी, हा नवा तवा. हे माझं पीठ. तुम्ही तुमच्या हाताने भाकरी करा, मी तुमच्यासमोर बसून खाते."

मला वाटलं होतं, यावर कुणाला काही बोलता येणार नाही. मीनाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. तवा पाहिला, डबा पाहिला.

"शिधा घिऊन आलात व्हय?"

मी पिशवी पायाशी ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः माझ्यासमोर खाली बसल्या. "आमचं गाव जेऊरपाशी. आमच्या वस्तीवर एक गुरुजी यायचे, पोरांची नावं शाळंत घालायला. लई चांगला मानूस. माझं नाव त्येंनीच घातलं, चौथी शिकले ती त्येंच्यामुळं. आमच्या दारात बसायचे, हासायचे, बोलायचे. पर येताना पान्याचा तांब्या घरनं आनायचे. बोलून घसा कोरडा पडला की त्येच्यातलं पीत व्हते. माझी आई दारात पानी घिऊन हुबी ऱ्हायाची. दर बारीला."

त्यांनी पिशवीकडे बोट केलं नाही. गरजही नव्हती. दुपारी बाजारात पंधरा तवे वाजवून मी हा तवा निवडला होता आणि माझी मलाच शाबासकी दिली होती. आता तो माझ्या पायाशी पडला होता आणि मला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. फार लाज वाटली. आजाराची लाज मला कधी वाटली नाही, ही वेगळी होती.

"मावशी," मी म्हटलं, "तो शब्द आमच्या घरातला आहे. सासूबाईंनी बाहेर काढला, पण सहा वर्षं मी त्यावर हसत होते. त्याची माफी मागते. पण आजार खरा आहे. त्याची माफी मी मागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"काय हुतंय?"

"पोटाला त्रास होतो."

"पोटाला तर समद्यांनाच हुतंय. मी एकतीस वर्सं सरकारी दवाखान्यात आया हुते, बायकांच्या वार्डात. नीट सांग. जुलाब किती?"

प्रश्न विचारायला लागल्याबरोबर त्यांचं 'म्याडम' गळून पडलं. जुलाब किती वेळा, रंग कसा, वास कसा, तरंगतं का, पोट फुगतं का, तोंड येतं का, केस गळायचे का, पाळी थांबली होती का. हे प्रश्न मला आठ वर्षांत कुठल्याही डॉक्टरने एका दमात विचारले नव्हते. आणि मी सांगितलं. सांगोल्याच्या प्रशिक्षणाहून येताना एस.टी. दोनदा थांबवायला लावली होती आणि तिसऱ्यांदा थांबवायची गरज उरली नव्हती, तेही सांगितलं. ते मी देवदत्तलाही धड सांगितलेलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी पर्समध्ये एक जादा साडी ठेवत होते. संघप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं होतं ते फक्त नाव, सीलिएक, भूगोलातल्या एखाद्या गावासारखं.

"एकुनचाळीस किलो," मीनाबाई म्हणाल्या. "या उंचीला. आनि कुनाला काय कळलं न्हाय?"

"टेन्शन म्हणाले."

"बाईला काय बी झालं की टेन्शनच म्हनत्यात." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "वार्डात बी आमी भांडी येगळी ठिवायचो. टीबीची येगळी, बाळंतिनीची येगळी. त्येला कुनी विटाळ म्हनत नव्हतं. पथ्य म्हनायचो. तुमी शिकलेली मानसं, पथ्य म्हनायला काय झालं हुतं?"

दोन अक्षरांचा शब्द, मला येत असलेला, माझ्याच भाषेतला. आमच्या घरात सहा वर्षं कुणाला आठवला नाही, कारण दुसरा आमच्या जास्त हाताशी होता.

"तवा घिऊन जा," त्या उठत म्हणाल्या. "पीठ बी घिऊन जा. आमच्यात आलेल्या मानसानं आपलं पीठ आनून खायाचं न्हाय."

मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले.

"हुरडा चालतो का?"

मी वळले. "काय?"

"हुरडा. जवारीचा. माझा भाऊ माढ्याकडं शेती करतो. त्येला सांगते, कनसं पाठवील. त्येला तवा लागत न्हाय, परात लागत न्हाय, गिरनी लागत न्हाय. आगटीत भाजायचं आनि हातावर चोळायचं. निस्ता हात लागतो." त्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या. "हात चालतो का आमचा?"

"चालतो," मी म्हटलं.

"मग रैवारी या. सासूबाईस्नी बी आना."

सासूबाईंना मी घरी सगळं सांगितलं, तांब्यासकट. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांकडेही होता तसा तांब्या." त्याच आठवड्यात उर्वी चपाती घेऊन पळत "विटाळ" म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि नवा शब्द पाठ करून घेतला.

रविवारी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत मीनाबाईंनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. माढ्याहून पोतंभर हिरवी कणसं आली होती. शेजारची चारपाच माणसं जमली होती, त्यातली बरीचशी त्या पंगतीत होती. सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि बघणार नाहीत तर काय करतील? मी ठरवलं होतं की आज कुठलाही प्रश्न गिळायचा नाही. संघप्रियाने चटणीची वाटी पुढे केली, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "यात हिंग आहे का? बाजारच्या हिंगात गहू असतो."

"हिंग न्हाय," उत्तर आगटीकडून आलं. "शेंगदाने, तिकट, लसून, मीठ. काल खलबत्त्यात कुटली, खलबत्ता आदी दोनदा धुतला. गूळ बी नव्या ढेपेचा हाय. इचार, आजून काय इचारायचं ते."

"झालं विचारून."

मीनाबाईंनी आगटीतून एक कणीस ओढलं, झटकलं. ते इतकं गरम होतं की मला धरवलं नसतं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांत घेऊन जोरात चोळलं, एका तळव्यावरून दुसऱ्यावर घेत फुंकर मारली, भूस उडून त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर बसलं. तळव्यात हिरवे, मऊ, वाफाळते दाणे राहिले. ताटली कुणीतरी पुढे केली होती, ती त्यांनी कोपराने बाजूला सारली.

"हात कर."

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी आपला तळवा माझ्या हातावर उलटा केला आणि तसाच ठेवला. दाणे भाजत होते. त्यांचा हात खरखरीत होता, एकतीस वर्षं फिनाइलने धुतलेला, आणि तो लगेच निघाला नाही.

मी खाल्लं. गोड होतं, कोवळं होतं, जीभ पोळली. सगळं खाल्लं, तळव्याला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा. शेजारी सासूबाई कधीच्या हात पुढे करून उभ्या होत्या, पण मीनाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. संघप्रिया मात्र बघत नव्हती. ती पाठ फिरवून डोळे पुसत होती आणि सिद्धांतला सांगत होती की धूर फार झाला आहे.

"आजून?" मीनाबाईंनी विचारलं.

मी हात मागे घेतलाच नव्हता.